वन विहारातली सकाळ
ऑफिसच्या कामासाठी भोपाळला जायचं ठरलं आणि आधी आठवला तो बीईच्या हॉस्टेलमधला रूममेट. भोपाळचाच मराठी मुलगा. बारा वर्षांत भेट नाही. त्याचे बाबा गेले तेव्हाही मी नुसता मेसेज टाकला होता. फोन राहूनच गेला. आता केला, तर म्हणाला, "सकाळी लवकर ये, वन विहारला जाऊ."

मोठ्या तलावाच्या काठावर, अगदी शहरातच, ४४५ हेक्टरचं हे राष्ट्रीय उद्यान. तलाव २००२ पासून रामसर यादीत आहे. आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. एका बाजूला पाणी आणि पाणकावळे, दुसऱ्या बाजूला कुंपणापलीकडे वाघ. इथले बरेचसे प्राणी सर्कशीतून सोडवलेले किंवा जंगलात अनाथ सापडलेले. दरवेशांकडून आणलेल्या अस्वलांसाठी वेगळं केंद्रच आहे. (लहानपणी असलं अस्वल दारात आलं की आम्ही टाळ्या वाजवायचो!)

चढावर तो थांबला. "बाबा दर रविवारी इथे यायचे."

"मी तेव्हा फोन करायला हवा होता रे."

"हो, हवा होतास," तो म्हणाला, आणि पेडल मारलं.

घरी काकू पोहे-जिलबी घेऊन वाट बघत होत्या. म्हणाल्या, "किती वाळलास!" मी चांगला ऐंशी किलोचा आहे.