आमचे थंड हवेचे ठिकाण

सुट्टी लागण्याच्या दिवशी वर्गात एकच विषय होता. कोणी उटीला निघाले होते, कोणी महाबळेश्वरला. मला विचारल्यावर मी ठोकून दिले, "आम्हीही थंड हवेच्या ठिकाणी चाललोय." प्रत्यक्षात यंदा वडिलांनी हिशेब मांडून हॉटेलचा बेत रद्द केला होता आणि आम्ही बेळगावहून निघालो होतो बुऱ्हाणपूरला, शनवाऱ्यातल्या मावशीकडे. तेही मे महिन्यात! भुसावळला गाडी बदलताना फलाटावरची झळ लागली, तेव्हा थापेची शिक्षा मिळाली असेच वाटले.

काकांच्या पश्चात मावशी एकटीच राहते. सहा वर्षांत आम्ही तिच्याकडे फिरकलो नव्हतो. उटी मात्र दोनदा झाली होती. तिने त्याचा उच्चारही केला नाही. माव्याची जिलबी पुढे ठेवून म्हणाली, "थंडी पाहिजे ना तुला? उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी तिने कुंडी भंडाऱ्याला नेले. सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे जाते. ते वाटेतच अडवून, भुयारातून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणण्याची ही योजना १६१५ सालची, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली. दोहे लिहिणारा रहीम तो हाच! भुयाराला हवा नि उजेड मिळावा म्हणून वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. गुडघ्यांमुळे मावशी वरच थांबली. आम्ही लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. वर अंग भाजत होते आणि इथे पाण्यात पाय टाकताच शहारा आला! भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचले आहेत. दिसायला सुंदर, पण तेच वाढत जाऊन पाण्याची वाट अरुंद करतात.

संध्याकाळी तापीपलीकडे आहूखान्यात गेलो. १६३१ साली मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेण्यापूर्वी तिला सहा महिने इथेच पुरले होते. ताजमहालापुढे माणसांची रांग. इथे आम्ही आणि चार शेळ्या. मावशी बराच वेळ पायरीवर बसून होती. "तुझे काका गेल्यापासून इकडे आलेच नव्हते," एवढेच म्हणाली.

कॉलेज उघडल्यावर कन्नड विभागातल्या मित्राने आमच्या हिल स्टेशनचे नाव विचारले. मी खरे ते सांगून टाकले. पुढच्या मे महिन्यात तोही येणार आहे. मावशीला फोनवर कळवले, तर तिला काळजी एकच: "त्या पोराला ज्वारीची भाकरी चालेल ना रे?"