हाफ क्लच

वयाच्या ४३व्या वर्षी मी गाडी शिकले, तीही बाबांची नजर अधू झाल्यावर. उभा जन्म एस.टी. चालवलेल्या माणसाला लेकीशेजारी नुसते बसून राहणे किती जड गेले असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना पुढचा ट्रक थांबला. गाडी मागे घरंगळू नये म्हणून मी अर्धवट क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर यांवर तिला तोलून धरले. (नवशिक्याला हेच कौशल्य वाटते!) थोड्याच वेळात करपल्याचा उग्र दर्प आला. क्लचप्लेट फ्लायव्हीलला धड चिकटत नव्हती, धड सुटत नव्हती; नुसती घासत होती.

"हँडब्रेक ओढ. न्यूट्रल. आता पाय काढ," बाबा म्हणाले. "निघताना पहिला टाक, क्लच हळू सोड. इंजिनाचा आवाज जड झाला की मगच हँडब्रेक."

गाडी निघाली. आम्ही बोललो नाही.

पुढे चहासाठी चढावरच थांबलो. हँडब्रेक ओढून मी उतरले. बाबा मात्र जागचे हलेनात.

"गियरमध्ये टाकलीस का?"

मी परत आत बसले, क्लच पूर्ण दाबून पहिला गियर टाकला. तेव्हा कुठे त्यांनी चाचपडत दाराची कडी शोधली.