डिम समचं बिल आणि बसायची जागा

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

हाँगकाँगला ताईकडे पंधरा दिवस राहून आलो. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, डिस्नेलँड बघितलंस का? नाही बघितलं. तिकडून मी जपून आणलंय ते एका डिम सम हॉटेलचं बिल. पाकिटात घडी करून ठेवलंय. बायको म्हणते, देवासारखं काय जपतोस? म्हणून हे लिहितोय.

ताई काउलूनमध्ये राहते, शाम शुई पोच्या जवळ. जुना, कष्टकऱ्यांचा भाग आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या काचेच्या इमारती तिथून लांब. तिच्याच मजल्यावर समोर एक आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे. आयुष्य छापखान्यात गेलं. ताई त्यांना 'बाक' म्हणते. वडिलांच्या थोरल्या भावाला तिकडे तसं म्हणतात. तर या बाकना कळलं की ताईचा भाऊ आलाय, आणि ते म्हणाले, याला 'याम चा'ला घेऊन चला.

याम चा म्हणजे चहा पिणे. आपण ज्याला डिम सम खायला जाणं म्हणतो त्याला तिथला माणूस चहा प्यायला जाणं म्हणतो. खाणं हे चहाबरोबर येतं. हा फरक मला तेव्हा शब्दांचा वाटला. तो पैशांचाही आहे, हे नंतर कळलं.

दुपारी साडेबाराला गेलो. पहिल्या मजल्यावर मोठा हॉल, गोल टेबलं, लग्नाच्या हॉलसारखा कल्ला. पदार्थांच्या ढकलगाड्या फिरतात असं ऐकलं होतं, पण त्या आता मोजक्याच ठिकाणी उरल्यात. इथे कागदाची यादी आणि पेन्सिल. हवं त्याच्यापुढे खूण करायची. बसल्या बसल्या बाकनी गरम चहाने सगळ्यांच्या वाट्या, कप, चॉपस्टिक विसळल्या आणि ते पाणी एका भांड्यात ओतलं. मग माझ्या कपात चहा ओतला. मी 'थँक्यू' म्हणायला गेलो, तर ताईने कोपर मारलं. "अरे, बोटं आपट." दोन बोटं टेबलावर हलकेच टकटक केली की आभार पोचले. गप्पा थांबवायची गरज नाही. किटलीतला चहा संपला की झाकण तिरपं ठेवायचं, वेटर येऊन गरम पाणी भरतो, कितीही वेळा. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आता बिल. आकडे हाँगकाँग डॉलरमध्ये आहेत. एक डॉलर म्हणजे साधारण ११ रुपये धरा.

चहा, तीन माणसं, दरडोई १५ : ४५
हार गाव (कोळंबी) : ३८
सिऊ माय (डुक्कर आणि कोळंबी) : ३३
चार सिऊ बाओ (भाजलेल्या डुकराच्या मांसाचा पाव) : २८
चेउंग फान (तांदळाची गुंडाळी) : २८
कोंबडीचे पाय : २८
अंड्याचे तार्त : २४
एकूण २२४. त्यावर १० टक्के सेवा शुल्क २२.४०. बिल २४६.४०.

म्हणजे तीन माणसांचे सुमारे २७०० रुपये. मुंबईत बीकेसीला जाऊन आलेले म्हणतील, बरंच स्वस्त की! थांबा जरा.

पहिली गोष्ट, यादीत प्रत्येक पदार्थाला वेगळा भाव नसतो. चार वर्ग असतात: लहान, मध्यम, मोठा आणि खास. इथे लहान २४, मध्यम २८, मोठा ३३, खास ३८. टोपलीच्या आकाराशी त्याचा संबंध नाही, आतला माल आणि हाताचं काम यांच्याशी आहे. हार गाव बहुतेक ठिकाणी खास वर्गात असतो. गव्हाच्या सत्त्वावर उकळतं पाणी ओतून त्याची पारी करतात, म्हणजे आपली उकडच! पारी काचेसारखी पातळ, आतली कोळंबी गुलाबी दिसते, आणि वर चुण्या. हे सगळं हाताने. गणपतीत उकडीच्या मोदकाचा भाव वाढला की आपण नाक मुरडतो. तिथे चुण्या घालणाऱ्या हाताला भावपत्रकातच वरचा वर्ग दिलाय, हे मला आवडलं.

चेउंग फान म्हणजे वाफेवरच्या पातळ घावनाची सुरळी, वर सोया सॉस आणि तीळ. खाताना आई आठवली. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: यादीत 'मुळ्याचा केक' दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. मुळा आणि तांदळाचं पीठ असतं खरं, पण आत सुकट आणि डुकराचं सॉसेज बारीक चिरून घातलेलं असतं. कोंबडीचे पाय मी खाल्ले. चव छान, हाडं फार. बाक माझ्याकडे बघून हसत होते.

दुसरी गोष्ट, बिलात कर नाही. मी दोनदा उलटून बघितलं. आपल्याकडे हॉटेलच्या बिलात सीजीएसटी, एसजीएसटी अडीच-अडीच टक्के ठरलेले. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाहीच. २००६ मध्ये सरकारने तो आणायचा प्रस्ताव मांडला होता, लोकांनी इतका विरोध केला की गुंडाळावा लागला. मी खूश होऊन म्हटलं, "ताई, काय मस्त सरकार आहे!" ती म्हणाली, "कर आहे रे. दिसत नाही. तू आत्ता तो हार गावमधून खाल्लास."

तिचं म्हणणं असं. तिथली जवळपास सगळी जमीन सरकारची. सरकार ती भाडेपट्ट्याने लिलावात विकतं, आणि तिजोरीचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं त्यातून आला. जमीन महाग राहणं सरकारच्याच सोयीचं. जमीन महाग म्हणून गाळ्याचं भाडं महाग, आणि भाडं महाग म्हणून टोपली महाग. बिलावर शून्य कर दिसतो, पण प्रत्येक टोपलीत जमिनीचा भाव वाफवलेला असतो. आपला कर निदान छापलेला असतो, भांडता तरी येतं.

बाक हे सगळं ऐकत होते. ताईने त्यांना भाषांतर करून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मी इथे दुपारी कधीच येत नाही. आज पाहुणा आहे म्हणून."

मग कळलं. ते येतात सकाळी. अकराच्या आत भाव वेगळा असतो. अशी सवलत तिकडे बरीच हॉटेलं देतात, कुणी सकाळी, कुणी दुपारी दोननंतर. हॉल रिकामा असताना स्वस्त, गर्दीत महाग. म्हाताऱ्या माणसांचा दिवस त्या रिकाम्या वेळेत बसतो. जुन्या लोकांचा शब्दच आहे, 'एक कप, दोन तुकडे'. एक चहा, दोन पदार्थ, पेपर आणि ओळखीची चार माणसं. सकाळी सातला यायचं, नऊ-साडेनऊला उठायचं. बाक हे गेली तीसेक वर्षं करतायत. बायको होती तेव्हा दोघं यायचे.

त्यांचा हिशोब असा: चहा ८, दोन टोपल्या १८ प्रमाणे ३६, वर १० टक्के. ४८.४०. रोज गेलं तर महिन्याचे १४५२.

आता हे बघा. तिथे सत्तरीनंतर सरकार म्हाताऱ्यांना उत्पन्न न विचारता एक भत्ता देतं. महिना १६०० डॉलरपेक्षा थोडा जास्त. लोक त्याला 'फळांचे पैसे' म्हणतात. म्हणजे सरकारने फळांसाठी दिलेल्या पैशात बाकची रोजची सकाळ बसत होती. घरखर्च मुलगा बघतो, पण सकाळ त्यांची स्वतःची. मुलापुढे हात पसरायचा नाही.

सप्टेंबरपासून हॉटेलने सकाळचे भाव वाढवले. चहा १२, टोपली २३. आता एका सकाळचे ६३.८०, महिन्याचे १९१४.

फळांच्या पैशात ते बसत नाही. बाक आता एक दिवसाआड जातात.

वाढ किती? दिवसाला १५.४०. रुपयात १७० च्या आसपास. एवढ्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, कुठल्या वर्तमानपत्रात बातमी येत नाही. पण त्यांच्या टेबलावर पाच जण असायचे, पाचही जण एकाच दिवशी येतील असं आता होत नाही. कुणी सोम-बुध, कुणी मंगळ-गुरू. टेबल मोडलं ते असं.

मी तावातावाने म्हटलं, मालक लुटतोय! बाकनी मान हलवली. मालक वाईट नाही म्हणाले. आणि खरंच, त्याच्या बाजूनेही हिशोब मांडावा लागतो. पहाटे अंधारात स्वयंपाकघर सुरू होतं. २०११ मध्ये तिथे पहिल्यांदा किमान वेतन आलं तेव्हा तासाला २८ डॉलर होतं, मे २०२५ मध्ये ते ४२.१० झालं. हे वाढायलाच हवं होतं, टोपल्या उचलणाऱ्या बाईलाही त्याच शहरात राहायचंय. बाकची जुनी सकाळसुद्धा तिच्या तासाभराच्या मजुरीपेक्षा महाग होती, हेही विसरून चालणार नाही. भाड्याचं वर सांगितलंच. आणि तिसरी गोष्ट शेजारची. शनिवार-रविवारी लोक सरळ शेन्झेनला जातात. वेगवान रेल्वेने वेस्ट काउलूनहून फुतियान अवघं १४ मिनिटांवर. तिकडे तेच पदार्थ बऱ्याच कमी पैशात. ताईच्या ऑफिसातले अर्धे लोक महिन्यातून एकदा तरी जातात, तीही जाते. म्हणजे ज्या सुट्टीच्या गर्दीच्या जिवावर हॉटेल म्हाताऱ्यांची सकाळ स्वस्त ठेवत होतं, ती गर्दीच नदीपलीकडे गेली. मग वाढ कुणावर? जो लांब जाऊ शकत नाही त्याच्यावर.

ताई गप्प झाली. म्हणाली, "हा हिशोब मी कधी केलाच नव्हता रे."

हिशोब मीही केला नव्हता. माझ्याच घरचा.

माझे बाबा ७८ वर्षांचे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त. डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रोज सकाळी ते आणि त्यांचे तीन मित्र बसायचे. चहा बारा रुपये. दोन चहा आणि एक वडा-पाव चौघांत, तास-दीड तास. तीन वर्षांपूर्वी हॉटेलचं नूतनीकरण झालं. टेबलं गेली, उभं राहून खायचे कट्टे आले, चहा वीस रुपये झाला, आणि भिंतीवर पाटी लागली, 'ऑर्डर नसताना थांबू नये'. बाबा जायचे बंद झाले. आम्ही काय म्हटलं? "बरं झालं. घरी चहा मिळतो की, कशाला गर्दीत कडमडायला जायचं?" मीच म्हटलं होतं हे. लख्ख आठवतंय.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांना बाकची गोष्ट सांगितली. बिलही दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ते चिनी अक्षरांचं बिल वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखं केलं. मग म्हणाले, "घरी चहा आहे. घरी ते तिघं नाहीत."

तिघांपैकी एक गेल्या पावसाळ्यात गेले. बाबांना ते आठ दिवसांनी कळलं.

आमच्या वॉर्डात ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र आहे. पाटी मोठी आहे, उद्‌घाटनाचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. सकाळी तिथे कुलूप असतं. विचारलं तर कळलं, चार वाजता उघडतं, पंखा एकच चालतो आणि चहाची सोय नाही. रस्त्यावर बाकडी आहेत, पाठीवर सौजन्याचं नाव आहे, वर सावली नाही. आपल्याकडे बसायच्या जागेचा विचार लोकार्पणाला संपतो.

मला काय म्हणायचंय ते एवढंच. शहर कुणासाठी आहे हे बघायचं असेल तर विकासाचा आराखडा नंतर बघा. आधी हे बघा की सत्तरीच्या माणसाला घराबाहेर, सावलीत, कुणी उठवणार नाही अशा ठिकाणी, चार ओळखीच्या लोकांबरोबर दोन तास बसायला किती पैसे लागतात. हा भाव कुठल्याच महागाई निर्देशांकात नाही. हाँगकाँगच्या त्या हॉटेलात तो ४८.४० होता, आता ६३.८० झाला. डोंबिवलीत तो चौघांत तीसचाळीस रुपये होता. आता कितीही पैसे दिले तरी ती वस्तूच मिळत नाही.

मी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय. केंद्र सकाळी सात ते दहा उघडं ठेवा, चहाचं कंत्राट एखाद्या बचतगटाला द्या, आम्ही दहा रुपये कप द्यायला तयार आहोत. पोचपावती घेतली आहे. अजून उत्तर नाही. पुढच्या सोमवारी परत जाणार आहे, बाबा आणि उरलेले दोघं बरोबर येतायत. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी सकाळी साडेदहाला तिथे यावं. पत्ता मेसेज करा, सांगतो.

आणि तुमच्या भागात अशी जागा अजून शिल्लक असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. चहाचा भावही लिहा.