न आलेल्या बायकांचं मत

23 ऑगस्ट 2025
काल पोळा, आज नारबोद. दारासमोरचे पळसाचे मेढे उचलून पोरं पहाटेच शिवेकडे ओरडत निघाली. रोगराई, खोकला, मच्छर सगळं घेऊन जा म्हणून नारबोदीला साकडं घालतात. या वर्षी पोरांनी त्या यादीत दारूही घातली. शिवेवर सोडून परतताना वाटेत देशीचं दुकान लागतं. दुकान उघडं होतं आणि दोन पोरांचे बाप तिथेच बसलेले होते.
दुपारी बचत गटात विषय निघाला. रोवणीची मजुरी आली तशी गेली. आता दुकान बंद करण्यासाठी सही मोहीम करायची असं ठरलं.

31 ऑगस्ट
नियम वाचून काढला. 25 मार्च 2008 चा शासनाचा आदेश आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सही करून मागणी करायची. सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे.
'एकूण' हा शब्द पेन्सिलीने अधोरेखित केला. आमच्या यादीत 624 बाया आहेत. आडवीला 313 मतं लागतील. तीनशे बाया आल्या आणि तीनशेही जणींनी आडवीवर मारलं, तरी दुकान उभंच राहील. जी आली नाही ती उभ्या बाटलीकडे गेली असा हिशेब. आमदाराला कोणी असं निवडून आणत नाही.

14 सप्टेंबर
सह्यांसाठी टोलीवर गेले. एक म्हातारी मोहाची काढते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं वेचायची, वाळवून ठेवायची, पावसाळ्यात भिजवून सडवा घालायचा आणि भट्टी लावायची. तिनं विचारलं, "सही करतो जी बाई, पन मंग माहीवाली बंद करान का?"
तिला खरं ते सांगितलं. मतदान फक्त परवान्याच्या दुकानासाठी असतं. तिची भट्टी कायद्यात आधीच बंद आहे, 1949 च्या दारूबंदी कायद्याने. (त्याच कायद्याप्रमाणे दारू प्यायलाही परवाना लागतो. आमच्या गावात तो कोणी पाहिलेला नाही.) ती हसली आणि अंगठा दिला.
देवाला पानावर चार थेंब वाहण्याची तिची मोहाची दारू आणि नवसागर घालून दुचाकीवर पन्नीत येणारी दारू, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. पोलिसाच्या पंचनाम्यात एकच वाटतात. सोळा वर्षांचं पोरगं दोन्ही पिऊन सारखंच पडतं हेही खरंच. या प्रश्नावर माझं मन अजून एका बाजूला बसलेलं नाही.

2 ऑक्टोबर
दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. दुकानाला कुलूप, आणि दुकानामागच्या घरातून पव्वा वीस रुपये चढ्या भावानं. ज्याला आज प्यायची आहे त्याने काल घेऊन ठेवली नाहीतर आज जास्त मोजले. कोरड्या दिवसाचा फायदा मला त्या मागच्या घराखेरीज कोणाला दिसला नाही.
संध्याकाळी बायांना पव्व्याचा हिशेब फळ्यावर करून दाखवला. देशीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल. 180 मिलीच्या पव्व्यात शुद्ध दारू 77 मिली, वजनात 60 ग्रॅमच्या वर. बरेच डॉक्टर 10 ग्रॅमला एक माप धरतात, म्हणजे एका पव्व्यात सहा मापं. यकृत तासाला साधारण एवढं एकच माप पचवतं. रात्री नऊला पव्वा संपवणारा माणूस पहाटे तीनलाही मोटारसायकल चालवायच्या लायकीचा नसतो. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही ते घड्याळ पुढे सरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाण नाही. "एकच तर पव्वा पेतो" या वाक्यातला 'एकच' बायांनी आज पहिल्यांदा मोजला.

11 ऑक्टोबर
राष्ट्रसंतांची पुण्यतिथी. 1968 साली याच तारखेला तुकडोजी महाराज गेले. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनानंतर पाच जणांनी दारू सोडायची शपथ घेतली. टाळ्या झाल्या. त्यातला एक रोज सकाळी उठल्या उठल्या पिणारा आहे.

13 ऑक्टोबर
तोच. रात्री त्याची बायको धावत आली. काल दिवसभर हात थरथरत होते, घाम येत होता. काल रात्री एक झटका येऊन गेला. आज भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून तो झाडू घेऊन भिंत झोडत होता. घरच्यांनी भगताला बोलावलं होतं. "शपथ मोडन म्हनून पाजली नाही जी," ती म्हणाली.
दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी जीवनसत्त्व बी-1 चं इंजेक्शन दिलं, सलाइन नंतर. मग शांत करणारं औषध. ते रोज थोडं थोडं कमी करत आणतात. त्यांनी समजावलं: रोजच्या पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच चालायला शिकलेला असतो. ती एकदम काढली की पहिल्या दिवसात थरथर, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम. यात माणूस दगावू शकतो. दारू सोडायलाच हवी, पण अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली.
गावात म्हणतात, सोडली की मरते. अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं. उरलेलं अर्धं, म्हणजे यावर औषध आहे, हे आमच्या कुठल्याच शपथेच्या कार्यक्रमात कोणी सांगितलेलं नव्हतं. व्यसनमुक्तीच्या फलकावर कवटी असते, दवाखान्याचा पत्ता नसतो. आजपासून शपथेच्या वहीत दोन नंबर लिहिले: व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या आजारासाठी 14416. दोन्ही फुकट.

26 ऑक्टोबर
मंडई. पाहुण्यांनी घरं भरली. रात्री नाटक. वडशाहून आलेली मंडळी, दुसऱ्या अंकात दारुड्याचा प्रवेश, आणि त्याला सगळ्यात जास्त टाळ्या. दारुडा बायकोला मारतो तेव्हाही मंडप हसतो. माझ्या शेजारची हसली नाही.
आमचा तो माणूस घरी आला आहे. नाटकाला आला नाही, बरं केलं.

18 नोव्हेंबर
धान घरात आलं. बहिणीकडे वडशाला गेले. अर्जुनीहून गाडीत बसलं की थोड्याच वेळात गडचिरोली जिल्हा लागतो आणि 1993 पासूनची दारूबंदीही. डब्यातल्या काही पिशव्या सीटखाली सरकतात. त्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं.
बंदी असून मिळतेच, मग उपयोग काय, हा प्रश्न तिथे हमखास ऐकू येतो. चंद्रपूरला 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये याच कारणाने उठली. मला गडचिरोलीचं दुसरंच काही पटतं. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने शासनाबरोबर 2016 पासून 'मुक्तिपथ' चालवलं. त्यात गावागावांत संघटना आहेत आणि तालुक्याला उपचाराचं क्लिनिकही. म्हणजे दुकान बंद आणि दवाखाना उघडा. आमच्याकडे एका बाजूला मध्य प्रदेश, दुसरीकडे छत्तीसगड, जिथे 2017 पासून सरकारच दुकान चालवतं. नुसतं कुलूप लावून इथे भागणार नाही.
आणखी एक. आदिवासी गावं देवरी, सालेकसा, अर्जुनीतही आहेत, पण आमचा गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळणारा दारूवरचा अधिकार शिवेपलीकडच्या कोरचीला आहे आणि आम्हाला नाही. आमच्याकडे आहे ती बाटलीची मतपत्रिकाच.

28 डिसेंबर
सह्यांची तपासणी झाली. मतदान बहुतेक फेब्रुवारीत.
फेब्रुवारीत गावात कोण असतं? धान निघालं की जोडपीच्या जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जातात. टोलीवरच्या निम्म्या बाया जातील. सही केलेल्या, मार खाल्लेल्या, कर्ज फेडणाऱ्या त्याच. त्या दिवशी त्या खम्मम जिल्ह्यात मिरची तोडत असतील आणि इथे त्यांचं मत उभ्या बाटलीत मोजलं जाईल.
आज गटाने अर्ज लिहिला. मागण्या दोनच. मतदान बाया गावात असताना, म्हणजे रोवणीनंतर किंवा कापणीनंतर लगेच घ्या. आणि निकाल झालेल्या मतांवर लावा, यादीवर नको. ज्या गावांत सह्या चालू आहेत तिथल्या बायांनीही असा अर्ज आत्ताच द्यावा, गावातून गाड्या भरून निघायच्या आधी.