तीन राजवटींचं देऊळ

अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी उभं असलेलं शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये पूर्ण झाल्याचं तिथला शिलालेख सांगतो. काम सुरू झालं ते शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात, असं मानतात. त्याच्यानंतर भाऊ नागार्जुन गादीवर आला आणि मंदिर पुरं झालं ते तिसऱ्या भावाच्या, मुम्मुणीच्या राजवटीत. ज्याने संकल्प सोडला, त्याला पुरं झालेलं देऊळ पाहायला मिळालं नाही. तरी त्या काळ्या पाषाणावरच्या कोरीव कामात कुठे उरकून टाकल्याची खूण नाही.

आज याच देवळाच्या आसपासच्या सोसायट्यांत दहा मिनिटांत दूध, भाजी, खेळणी दारात येतात. त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. बदलापूर लोकलमध्ये उभ्याने घरी पोचलेल्या बाईची बाजारातली फेरी वाचते, हे चांगलंच आहे. पाण्याच्या टँकरसाठी किंवा दवाखान्याच्या रांगेत ताटकळणं यात कसलंही पुण्य नाही. असं वाट पाहणं लादलेलं असतं, ते संपावं.

पण आणखी एक वाट पाहणं होतं, आवडीचं. महाशिवरात्रीची जत्रा जवळ आली की मुलं पैसे जमवायची. आज भिंगरी घ्यायची ठरे, उद्या बासरी, परवा दोन्ही सोडून नुसतं पाळण्यात बसायचं. जत्रा लागेपर्यंत मनातल्या मनात ती कितीदा तरी फिरून झालेली असे. खरंच काय हवं आहे, हे त्या दिवसांत उमगायचं. आता इच्छा झाली की बोट टेकतं आणि वस्तू येते. इच्छा पारखायला मध्ये वेळच उरत नाही. म्हणून हातात आलेलं लवकर नकोसंही होतं.

त्या देवळातही सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्याकडे जाताना आधी काळोखच दिसतो. थांबलं, डोळे सरावले, की पिंडी आणि भोवतालचा दगड हळूहळू स्पष्ट होतो. रांगेतून धावतपळत आलेल्याला ते दिसत नाही.

गरजेच्या गोष्टी झटपट मिळाव्यातच. मात्र घरातल्या मुलांसाठी वर्षातल्या दोन-चार गोष्टी तरी मुद्दाम लांबवाव्यात, त्यांबद्दल जेवताना बोलावं, बेत करावेत, बदलावेत. काय हवं आहे हे ओळखायची सवय त्यातूनच लागते, आणि ती कुठल्याही दुकानातून मागवता येत नाही.