वाईट कामास मनाई नाही

मराठी अक्षरांना तेव्हा कुलूप असायचं आणि ते संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात बसायचं. आम्ही त्याला नुसतं ‘लॉक’ म्हणायचो. प्लॅस्टिकची एक डबी, तिच्या पाठीला प्रिंटरची केबल. डबी काढली की मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम उघडतच नसे. कोल्हापुरात एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर माझं डीटीपीचं काम चालायचं: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, एखादा दिवाळी अंक. वळवाच्या पावसात वीज कडाडली की छापखान्याचे अण्णा खालून ओरडायचे, “लॉक काढून ठेव गं आधी!” त्यांचा जीव त्या डबीत अडकलेला, कारण ती जळाली तर प्रोग्रॅम जवळजवळ नव्यानेच विकत घ्यावा लागे.

पुढे नव्या संगणकांना तो पोर्टच येईनासा झाला. कंपनी म्हणाली, नवी आवृत्ती घ्या. घेतली, तर तीत जुन्या फायली धड उघडेनात. मजकूर मी टाइप केलेला, लेखकाने त्याचे पैसे मोजलेले, फाइल माझ्याच कपाटातल्या सीडीवर. आणि पडद्यावर बघावं तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा यांचा नुसता काला. या जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवले होते, प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने. युनिकोडमध्ये देवनागरीला हक्काची जागा १९९१पासून होती, पण आमच्या धंद्यात ती पोचायला फार काळ लागला. ज्या प्रोग्रॅममध्ये आम्ही पानं लावायचो, त्याला युनिकोड कळतच नव्हतं.

त्या सुमारास उबुंटू या मुक्त संगणकप्रणालीचे लोक मागेल त्याला सीडी घरपोच पाठवायचे, टपालखर्चही त्यांचाच. (२०११मध्ये ही सोय बंद झाली.) मी मागवली ती फुकट म्हणून, तत्त्व वगैरे काही डोक्यात नव्हतं. तत्त्व कळलं ते केरळमुळे.

मल्याळमच्या छापखान्यांचं दुखणं आमच्यासारखंच होतं. तिथल्या ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या मंडळींनी त्यावर पायथॉनमध्ये ‘पय्यन्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. जुन्या फॉन्टातला मजकूर घ्यायचा आणि युनिकोडमध्ये बाहेर काढायचा, एवढंच त्याचं काम. प्रत्येक फॉन्टचा नकाशा एका साध्या फाइलीत: अलीकडे जुनं चिन्ह, पलीकडे खरं अक्षर. मल्याळम मला ओ की ठो कळत नाही. पण ती फाइल उघडत होती, प्रोग्रॅमही उघडून वाचता येत होता, आणि परवाना जीपीएलचा होता: वापरा, वाचा, बदला, बदललेलं पुढे वाटा. शिवाय मल्याळमातही काही स्वरचिन्हं व्यंजनाच्या डावीकडे लिहितात, आपल्या पहिल्या वेलांटीसारखी. म्हणजे अर्धी लढाई कुणीतरी आधीच लढून ठेवलेली. पायथॉन मी त्या प्रोग्रॅमवरच शिकले आणि त्यावरूनच मराठीचा कन्व्हर्टर लिहायला घेतला.

उरलेली अर्धी मात्र खास आपली होती. टाइपरायटरच्या वळणाने आम्ही पहिली वेलांटी आधी मारायचो, मग अक्षर. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, त्यामुळे ‘स्थिती’ लिहिताना तिला अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून जावं लागतं. रफाराची तऱ्हा उलटी. तो अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून जुन्या फाइलीत सगळ्यात शेवटी येतो. उच्चारात त्याचा र सगळ्यात आधी, आणि युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा. ‘कार्यकर्त्यांची’ या शब्दापुढे माझा प्रोग्रॅम हमखास मान टाकायचा. दोन रफार, त्यातला दुसरा ‘त्यां’ ही सगळी जोडणी मागे सारून तिच्या आधी नेऊन बसवायचा. आणि पतसंस्थेचा अहवाल घ्या की निवडणुकीचं पत्रक, कार्यकर्त्यांशिवाय पान हलत नाही. ‘वऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र ही आणखी वेगळीच भानगड. काही फॉन्टांत त्याला एक जागा, काहींत दोन.

रफाराचा नियम मला सोडवून दिला तो ठाण्याच्या एका गृहस्थांनी. आयआरसीवर आमची एक चॅटरूम होती. खरं नाव कुणी कुणाला विचारत नसे. रात्री जेवणं उरकली की माणसं जमायची आणि भांडायची: व्हिम चांगला की इमॅक्स, हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, मिसळीबरोबर पाव की स्लाइस ब्रेड. ब्रेडच्या बाजूने मी एकटी कोल्हापूरची, बाकी सगळे पाववाले. त्या गदारोळात हे गृहस्थ एखादी ओळ टाकायचे, “ताई, मघाची फाइल परत पाठवा,” आणि पहाटेपर्यंत रफार जागेवर. पैशाचा विषय कधी निघाला नाही.

कन्व्हर्टर वापरात आला. गावाच्या इतिहासाची पुस्तकं, एका बंद पडलेल्या मासिकाचे अंक, वऱ्हाडातल्या एका वाचनालयाच्या स्मरणिका असं बरंच काही त्यातून बाहेर पडलं. मग एक दिवस पलीकडच्या गल्लीतला डीटीपीवाला पोरगा कौतुकाने मोबाइल दाखवायला आला. “ताई, तुमच्याच कन्व्हर्टरनं झालं बघा. जुनी पुस्तिका होती, आता व्हॉट्सॲपवर फिरवायचीय म्हणाले.” मी वाचलं. मुलीने जातीबाहेर लग्न केलं की घराण्याचं कसं वाटोळं होतं, याचा पानोपानी हिशेब होता. माझं स्वतःचं लग्न आंतरजातीय. पुस्तिकेतला एकही रफार चुकला नव्हता.

रात्री चॅटरूममध्ये मी हे घातलं. पुण्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, परवान्यात एक ओळ टाका ना, द्वेष पसरवायला वापरू नये म्हणून. कल्पना मला मनापासून आवडली. पण जुन्या जाणत्यांनी ती तिथेच अडवली. मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या यादीत स्वातंत्र्यांची मोजणी शून्यापासून होते, आणि ते शून्यावरचं स्वातंत्र्यच हे आहे की प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवता यावा. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या १९९७च्या नियमावलीतही तेच: अमुक कामाला चालेल, तमुकला नाही, असं म्हणणारा परवाना मुक्त धरत नाहीत. माहिती साठवण्याच्या जेसन या मांडणीचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या परवान्यात एक वाक्य घातलं होतं, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. तेवढ्या वाक्यापायी डेबियनने तो परवाना मुक्त मानला नाही. आणि आयबीएमच्या वकिलांनी रीतसर विचारणा केल्यावर क्रॉकफर्ड यांनी त्यांना वाईट कामाचीही लेखी परवानगी देऊन टाकली, असं ते स्वतःच हसत सांगतात.

माझ्यापुरता तर प्रश्न आधीच निकालात निघालेला होता. मूळ प्रोग्रॅम जीपीएलचा, म्हणून त्यावर बेतलेला माझाही जीपीएलचा, आणि पुढच्या माणसावर जादा अट लादायला हा परवाना मज्जाव करतो. केरळकरांनी मला विचारलं नव्हतं की बाई, तुमची मतं काय. विचारलं असतं तर काहींना माझीही पटली नसती.

त्याच रात्री ठाण्याच्या गृहस्थांनी लिहिलं की पुस्तिकेत त्यांना तरी गैर काही दिसत नाही. मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. हा माणूस माझ्या फायलींसाठी पहाटेपर्यंत जागायचा.

पुढे चॅटरूम फुटली ती वेगळ्या कारणाने. सप्टेंबर २०१९मध्ये स्टॉलमन यांच्या काही मतांवरून गदारोळ झाला आणि त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडलं. मार्च २०२१मध्ये ते संचालक मंडळावर परतले, तेव्हा विरोधात एक आणि बाजूने एक अशी दोन खुली पत्रं फिरली. दोन्हींवर हजारो सह्या. आमच्यातही तट पडले. ती विद्यार्थिनी गेली, तिच्याबरोबर आणखी काहीजण. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कुणाच्या शेजारी बसायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा कन्व्हर्टर कुणी चालवायचा, हे ठरवायचा अधिकार मात्र मला नसलेलाच बरा. कपाटभर सीड्या घेऊन बसले होते तेव्हा असाच अधिकार दुसऱ्या कुणापाशी होता.

त्या पुस्तिकेबद्दल मात्र गप्प बसणं शक्य नव्हतं. तिच्यातला एकेक दावा घेऊन मी इथल्या एका साप्ताहिकात लेख लिहिला, नावानिशी. अण्णांनी तो काचेखाली लावला. एक निनावी पत्र आलं, ते वाचून दाखवण्याजोगं नव्हतं. ठाण्याच्या गृहस्थांनी लांबलचक उत्तर धाडलं. त्यातले निम्म्याहून अधिक मुद्दे मी तेव्हाही मानले नाहीत, आजही मानत नाही, आणि तसं त्यांना कळवलंही. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, नव्या आवृत्तीत ‘ऱ्ह’चं काम झालं का? झालं होतं. उत्तरासोबत दुवा पाठवून दिला.