पाकिटांतलें पाकीट

गेल्या वर्षीं आषाढी एकादशी होऊन गेल्यावर आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली. तिच्यामुळें ज्या विषयांतलें आम्हांस आजवर ओ कीं ठो कळत नव्हतें, त्या विषयांत वयाच्या सत्तराव्या वर्षीं आम्ही थोडेफार शिरलों. ज्यांच्यासंबंधीं ती गोष्ट आहे त्या आमच्या थोरल्या सूनबाईंस हा मजकूर आधीं वाचून दाखविला आहे. त्यांनीं दोन वाक्यें काढावयास सांगितलीं, तीं काढलीं आहेत.

आमच्या घरांत लहानमोठीं मिळून नऊ माणसें. त्या नऊजणांस बाहेरच्या जगाशीं जोडणारी इंटरनेटची वाट मात्र एकच; दिवाणखान्यांतील भिंतीवर तिची पेटी टांगलेली आहे. पुण्याचीं वर्तमानपत्रें आम्ही कागदावर वाचतों, परगांवचीं संगणकावर. एके सकाळीं अग्रलेखाच्या शेजारीं वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती दिसूं लागल्या, आणि पुढें आठवडाभर त्या हटल्या नाहींत. दुपारीं जेवतांना आम्ही थट्टेनें म्हणालों, "या यंत्रास आमच्या वयाचा अंदाज दिसत नाहीं. आमच्या घरीं पाळणा हलावा म्हणून त्याची कोण खटपट चालली आहे!" सगळे हंसले. आमटी वाढीत असलेल्या सूनबाईंचा हात मात्र थांबला, आणि त्या स्वयंपाकघरांत गेल्या त्या पुन्हां बाहेर आल्या नाहींत.

रात्रीं आमच्या कुटुंबानें सारा उलगडा केला. मुलाच्या लग्नास सहा वर्षें झालीं होतीं. सूनबाई रात्रीं आपल्या खोलींत, आपल्या फोनवर, कुणासहि न सांगतां जें वाचीत होत्या, तें सकाळीं सासऱ्याच्या संगणकावर उमटत होतें, आणि सासरा त्याची पंगतींत थट्टा करीत होता. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हां त्या निकालाचें कौतुक याच पंगतींत आम्हीं केलें होतें, तेंहि आठवलें.

दुसरे दिवशीं धाकट्या चिरंजीवांस विचारलें. ते संगणकाच्याच धंद्यांत आहेत. ते म्हणाले, "अप्पा, बाहेरून पाहिलें तर आपलें सगळें घर म्हणजे एकच माणूस. घरांतून जाणारी प्रत्येक विचारणा एकच क्रमांक, म्हणजे एकच पत्ता, लावून बाहेर पडते. जाहिरातवाले पुष्कळ खुणा जुळवून माणूस ओळखतात. त्यांत हा पत्ता ही एक मोठी खूण. शिवाय जी कंपनी आपल्याला ही वाट देते तिलाहि, तुम्ही कोणतें पान वाचलें तें नाहीं, तरी कोणाच्या दारीं गेलां तें बहुधा कळतें."

हें ऐकून आम्हांस आमचा जुना वाडा आठवला. त्याला दिंडी दरवाजा एकच, आणि त्याच्या आंत ओटीवर आजोबा बसलेले. काकू माहेरीं पत्र धाडीत तें ओटीवरूनच जाई. आजोबा सज्जन, पत्र कधीं फोडीत नसत. पण पत्र कोणाला गेलें आणि महिन्यांत किती वेळां गेलें, एवढ्यावरूनहि घरांत पुष्कळ अर्थ निघत आणि काकूंस ते ऐकावे लागत.

यावर उपाय म्हणून चिरंजीवांनीं व्हीपीएनचें नांव काढलें. फोनपासून कोठल्यातरी दूरच्या सर्व्हरपर्यंत एक कुलुपबंद वाट तयार होते. घरच्या कंपनीस एवढेंच दिसतें कीं, कांहीं तरी त्या सर्व्हरकडे चाललें आहे. आणि पलीकडल्या दवाखान्यास आपल्या घराऐवजीं त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. "मग झालें तर!" असें आम्ही म्हणालों. सूनबाई दाराशीं उभ्या होत्या. त्या दिवसानंतर प्रथमच आमच्यासमोर त्या बोलल्या. "पण भाऊजी, ओटीवरचे आजोबा उठले आणि त्यांच्या जागीं हा नवा माणूस येऊन बसला, इतकेंच ना? मी कुठून निघालें तें त्याला ठाऊक, कुठें गेलें तेंहि त्यालाच ठाऊक."

चिरंजीव क्षणभर गप्प राहिले. मग मुंजीच्या आमंत्रणाचीं उरलेलीं पाकिटें घेऊन आले. सूनबाईंस एका चिठ्ठीवर कुठें जावयाचें तें लिहावयास सांगितलें. ती चिठ्ठी लहान पाकिटांत घालून त्यावर आमच्या कुटुंबाचें नांव घातलें, आणि तें पाकीट मोठ्या पाकिटांत घालून त्यावर आमचें. दोन्हीं डिंकानें बंद केलीं. आम्हीं मोठें पाकीट फोडलें. तें सूनबाईंकडून आलें हें आम्हांस ठाऊक, पण आंत दिसलें तें दुसरें बंद पाकीट; तें पुढें द्यावयाचें, फोडावयाचें नाहीं. आमच्या कुटुंबानें लहान पाकीट फोडलें. कुठें जावयाचें तें त्यांस दिसलें. पण पाकीट आलें होतें आमच्या हातून. दोन सर्व्हरांतून वाट नेण्याची युक्ति ती हीच. पहिल्यास कोण निघालें तें ठाऊक, दुसऱ्यास कोठें चाललें तें ठाऊक, आणि दोन्ही ठाऊक असणारा वाटेवर एकहि नाहीं.

"आणि मामंजींनीं सासूबाईंना सांगितलें तर?" सूनबाईंनीं विचारलें. चिरंजीव हंसून म्हणाले, "वहिनी, सारी मेख तिथेंच आहे." बाजारांत दोन सर्व्हरांची म्हणून जी सेवा विकतात, तिच्यांत दोन्ही सर्व्हर बहुतेक एकाच कंपनीचे असतात. त्यांतल्या एकावर कोणी पाळत ठेविली, तर त्याच्या हातीं अर्धीच गोष्ट लागते, एवढा फायदा खरा. पण खुद्द कंपनीस मनांत आणल्यास दोन्ही टोकें जुळवितां येतात. म्हणून दोन सर्व्हर एकमेकांशीं संबंध नसलेल्या दोन धन्यांचे असावेत. ॲपल कंपनीनें २०२१ सालीं याच तत्त्वावर एक सोय काढली. तींत पहिला सर्व्हर तिचा स्वतःचा आणि दुसरा परक्या कंपनीचा असतो.

कल्पना मात्र जुनी निघाली. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें १९८१ सालींच निबंध लिहून, पत्रें अशीं थरांत गुंडाळून मधल्या ठाण्यांतून कशीं पाठवावींत तें मांडलें होतें. त्याच्या ठाण्यावर पत्रें लगेच पुढें जात नसत. पुष्कळ जमल्यावर त्यांचा क्रम बदलून तीं एकदम सोडावयाचीं, म्हणजे कोणतें आलें आणि कोणतें गेलें याचा मेळ पाहणाऱ्यास लागूं नये. पुढें १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकन आरमाराच्या संशोधनशाळेंत हीच कल्पना इंटरनेटला लावण्यांत आली, आणि तींतून २००२ च्या सुमारास टॉर हें जाळें उभें राहिलें. त्यांत वाट सामान्यतः तीन सर्व्हरांतून जाते, आणि ते जगभरचे स्वयंसेवक चालवितात. थरावर थर म्हणून त्याच्या नांवांतच कांदा आहे. चातुर्मास लागलेला असल्यामुळें हें नांव घरांत घेण्यास आमच्या कुटुंबानें किंचित् कुरकुर केली.

पण यांतहि उणिवा आहेतच. शेवटला सर्व्हर जें उघडें येईल तें वाचूं शकतो. २००७ सालीं डॅन एगरस्टाड नांवाच्या स्वीडिश तंत्रज्ञानें असे शेवटचे सर्व्हर स्वतः मांडून पाहिले, तेव्हां कित्येक देशांच्या वकिलातींचे परवलीचे शब्द त्याच्या हातीं आले. त्यांत भारतीय कचेऱ्यांचेहि होते! दोन्ही वेशींवर एकाच वेळीं पहारा ठेवणारा निघण्याच्या आणि पोहोंचण्याच्या वेळा ताडून माणूस ओळखूं शकतो. टॉर पत्रें थांबवून ठेवीत नाहीं, म्हणून तिथें हा धोका अधिक. वाट लांबली म्हणजे पान उघडण्यासहि उशीर होतो. आणि इतकें करून पलीकडे गेल्यावर आपणच आपल्या नांवानें दार ठोठावलें, तर पाकिटें कितीहि असोत, व्यर्थच. आपल्या देशांत २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशानें व्हीपीएन कंपन्यांस गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते वगैरे पांच वर्षें जपून ठेवण्याची सक्ति झाली, आणि कित्येक परदेशी कंपन्यांनीं आपले सर्व्हर येथून हलविले. गुन्हेगार सांपडावा हा सरकारचा हेतु आम्हांस समजतो. पण ओटीवरच्या वहींत काकूंच्या पत्रांची नोंद पांच वर्षें राहावी, हें काहीं केल्या मनास रुचत नाहीं.

चिरंजीवांनीं वहिनींच्या फोनवर दोन निरनिराळ्या धन्यांच्या सर्व्हरांतून वाट बसवून दिली, ब्राउझर कोरा करून दिला, आणि तेथें स्वतःच्या नांवानें कोठेंहि शिरूं नये असें बजावलें. वर्षाची वर्गणी आम्हीं भरली. महिन्याभरांत आमच्या संगणकावरच्या त्या जाहिराती गेल्या. हल्लीं गुडघ्याच्या पट्ट्यांच्या येतात. सूनबाईंच्या फोनवर म्हणे कुठल्याशा परक्या भाषेंतल्या जाहिराती दिसतात, त्यांचा अर्थ त्यांस किंवा आम्हां कोणासच लागत नाहीं.

त्या पंगतींतल्या बोलण्याबद्दल आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्या कांहींच बोलल्या नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं आमटी त्यांनींच वाढली.

परवां सकाळीं तीं दोघें नवराबायको नेहमींपेक्षां लवकर आवरून बाहेर निघालीं. हातांत कागदांची एक पिशवी होती. आम्ही पुढल्या व्हरांड्यांत बसलों होतों. पायऱ्यांवर पावलें वाजलीं, तेव्हां हातांतलें वर्तमानपत्र आम्हीं जरा उंच धरलें, आणि फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत तें खालीं केलें नाहीं.